बापूराव लाइनमनची वरची खोली

माझे भाऊजी बापूराव एका जागी स्वस्थ बसलेले मी क्वचितच पाहिले आहेत. जेवतानासुद्धा त्यांचा एक गुडघा उभा असतो, म्हणजे कोणी हाक मारली तर उठायला वेळ लागू नये. वीज खात्यातली त्यांची सगळी नोकरी खांबावर गेली. वादळ सुटलं की गावातली माणसं खिडक्या लावायची आणि हे चपला शोधायचे. तळेगावात, म्हणजे आर्वीपलीकडच्या श्यामजी पंतांच्या तळेगावात, आजही त्यांना आडनावाने कोणी ओळखत नाही. ‘बापूराव लाइनमन’ एवढं म्हटलं की कोणीही घरापर्यंत आणून सोडतं.

ते घर विकायचं ठरलं ते माझ्या थोरल्या बहिणीमुळे. देवकाताईची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिससाठी वर्ध्याला आणावं लागतं. तळेगावहून आर्वी, तिथे गाडी बदलून वर्धा, आणि संध्याकाळी, अंगात काही त्राण उरलेलं नसताना, तोच रस्ता उलटा. हिवाळाभर तिने तो कसाबसा निभावला. उन्हाळ्यात हा प्रवास तिला झेपणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. ताई-भाऊजींची मुलगी वर्षाली वर्ध्यातच असते. तिच्या घराजवळ तळमजल्यावरचा एक लहानसा फ्लॅट मिळत होता, पण तळेगावचं घर विकल्याशिवाय तो घेता येणार नव्हता. म्हणजे ऊन तापायच्या आत घर विकलं जाणं भाग होतं.

घर विकायला तयार करण्याचं काम मी अंगावर घेतलं. मी वर्ध्यातल्या एका पतसंस्थेत हिशेब पाहतो, पुढच्या वर्षी निवृत्त होईन. विकायची वस्तू नीटनेटकी दिसली पाहिजे, असं माझं साधं मत आहे. दर शनिवारी मी तळेगावला जाऊ लागलो. आधी गळके नळ बदलले, मग मागच्या पडवीचे पत्रे, आणि शेवटी आष्टीहून लहानू पेंटरला बोलावलं. भाऊजींचा मात्र पत्ता नसे. सकाळी डोक्याला दुपट्टा बांधून ते जे बाहेर पडत, ते दुपारी घामाघूम होऊन परत येत. कुठे गेला होतात म्हणून विचारलं, तर म्हणत, “अथीच गेलतो.”

त्या घरातली सगळ्यांत चांगली जागा म्हणजे वरची खोली. वर्षालीच्या लग्नाआधी भाऊजींनी ती हौसेने बांधली. तिला गुळगुळीत फरशी, मोठी खिडकी आणि पूर्वेला गॅलरी. पण गॅलरीच्या दाराला लोखंडी पट्टी आणि कुलूप. किल्ली कायम भाऊजींच्या खिशात.

लहानू रंगाची बादली घेऊन त्या दाराशी थांबला. “बापूरावजी, हे खोला ना. बाहेरून हात माराचा हाय.”

“तिकून रंग नाई माराचा. जसं हाय तसं राहू दे.”

“नोटा ठेवल्या का जी गॅलरीत?”

“नोटा असत्या तं तुले बोलावलं असतं काय, लेका? नागपूरचा पेंटर आनला असता.”

लहानू हसला. मीही हसलो आणि विषय सोडून दिला.

रंग वाळला त्याच आठवड्यात घर पाहायला कार्तिक उईके आणि त्याची बायको गुंजन आले. कार्तिक वनरक्षक आहे, दुसऱ्या गावाहून बदली होऊन इकडे आलेला. दोन लहान मुलं बरोबर. खालच्या खोल्या त्यांनी ठीक आहेत म्हणत पाहिल्या. वरच्या खोलीत आल्यावर मात्र गुंजनचा चेहरा बदलला. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली, फरशीवर अनवाणी दोन पावलं चालली.

“अथी पोट्ट्यायचा अभ्यास होईन,” ती नवऱ्याला म्हणाली. “आन हे दार कशाचं?”

“गॅलरी हाय,” भाऊजी म्हणाले.

“खोला ना, काका.”

“किल्ली हरपली.”

किल्ली त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून दिसत होती. कार्तिक खाली येऊन म्हणाला की घर पसंत आहे, इसाराचं आठवड्याभरात बघू. मला हलकं वाटलं. भाऊजींनी मात्र त्या संध्याकाळी ताटातली अर्धी भाकरी तशीच ठेवली आणि अंगणातून रस्त्यापर्यंत, रस्त्यापासून अंगणापर्यंत फेऱ्या मारत राहिले.

“यांना झालंय काय?” मी ताईला विचारलं.

ताई बाजेवर पडली होती. तिने हाताने वर दाखवलं. “तार.”

मग तिने सगळं सांगितलं. घराच्या पूर्वेकडून अकरा हजार व्होल्टची मोठी लाइन जाते. ती आधीपासूनच होती. नियमाप्रमाणे तिच्यापासून बरंच अंतर सोडून बांधायला हवं होतं आणि हा नियम गावात भाऊजींइतका कोणालाच ठाऊक नव्हता. इतरांना त्यांनीच तो ओरडून ओरडून सांगितला होता. पण स्वतःचं बांधताना म्हणाले, लाइन माझ्या ओळखीची आहे, तिचं बंद-चालू माझ्या हातात आहे. स्लॅब टाकायच्या दिवशी त्यांनी लाइन बंद ठेवून घेतली. गॅलरी तयार झाली आणि पहिल्याच वाऱ्यात तार हेलकावताना त्यांनी पाहिली. कठड्यावरून ओली साडी झटकली तरी पुरे, इतकी ती जवळ येत होती. त्याच दिवशी त्यांनी दाराला पट्टी मारली.

“तवापासून हे घरी नसले का मले झोप नाई, आन घरी असले का याईले नाई,” ताई म्हणाली.

रोज सकाळी भाऊजी कुठे जात होते, तेही आता कळलं. लाइन सरकवून मिळावी म्हणून ते खात्यात खेटे घालत होते. खातं तयार होतं, खर्च भाऊजी भरणार होते. पण नवा खांब रोवायला शेजारच्या हरिदासच्या मोकळ्या प्लॉटमधली जागा लागत होती आणि हरिदास नाही म्हणत होता.

“त्याचंबी बरोबर हाय,” भाऊजी मला म्हणाले. “त्याले पोरासाठी घर बांधाचं हाय. त्यानं काऊन तार अंगावर घ्याव?”

“मग आपण करारात लिहून देऊ,” मी म्हणालो. “गॅलरी वापरू नये, असं स्पष्ट लिहू. घेणारा सज्ञान आहे. जसं आहे तसं घर विकता येतं, भाऊजी.”

“पोट्टे कागद वाचून गॅलरीत जातीन काय?”

“मग दार विटांनी बुजवू.”

“आपन बुजवू. ते खोलतीन. खोली बांधतानी मीबी नियम वाचला होता, धनंजय.”

पण थांबायलाही वेळ नव्हता. पुढच्या डायलिसिसच्या दिवशी परतताना आर्वीच्या स्टँडवर ताई चक्कर येऊन खाली बसली. भाऊजींनी तिथूनच मला फोन लावला. त्याच संध्याकाळी कार्तिकचा फोन आला की इसाराची रक्कम तयार आहे, रविवारी येतो. मी लगेच तळेगावला कळवलं. भाऊजी “बरं” म्हणाले आणि फोन ठेवला.

शनिवारी मी पोचलो तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच धूळ दिसली. घरासमोर पाच-सहा माणसं माना वर करून उभी होती. गॅलरी नव्हतीच. वरच्या खोलीची पूर्वेची भिंत अर्धी पडली होती आणि तिच्या मागे भाऊजी हातात घण घेऊन उभे होते. दोन मजूर घमेली उतरवत होते. भाऊजींच्या हाताखाली शिकलेला अंकुश लाइन बंद करून खांबाखाली खुर्ची टाकून बसला होता.

“बापूराव,” हरिदास कुंपणावरून विचारत होता, “घर विकाले काढलं का मोडीत?”

“तू खांब रोवू देला असता तं विकाले काढलं असतं,” भाऊजी वरूनच म्हणाले. हरिदास घरात गेला.

मी जिना चढून गेलो. लहानूने दिलेला रंग पायाखाली कुरकुरत होता.

“भाऊजी, काय चाललंय हे?”

“विकाची तयारी.”

“उद्या माणसं इसार द्यायला येताहेत. या खोलीसाठीच ती घर घेताहेत.”

“म्हनूनच आज सुरू केलं. खोली राह्यली तं कोनी गॅलरी पुन्हा काढीन. लाइन सांजेपर्यंतच बंद हाय. अंकुश, स्लॅबातल्या सळ्या कापाच्या हायेत, लोखंडाची करवत दे.”

मी खाली आलो. ताई अंगणात बाजेवर बसली होती, केसांवर, पापण्यांवर धूळ.

“तू थांबवायचं नाहीस का यांना?”

“मीच म्हनलं पाडा.” तिने पदराने तोंड पुसलं. “धनू, हे वर्ध्याले जाऊनबी रोज फोन करतीन, गॅलरीत कोनी गेलं का, वारा सुटला का. मंग मी वर्ध्याले गेली काय आन नाई गेली काय.”

“आणि घर नाही विकलं गेलं तर? पुढच्या महिन्यात ऊन...”

“मले मालूम हाय ऊन कवा पडते,” ती म्हणाली.

रविवारी कार्तिक आणि गुंजन मोटारसायकलवर आले. काय बोलायचं ते मी मनात जुळवून ठेवलं होतं. पण ती दोघं फाटकातून आत येताच भाऊजींनी हात दाखवून सांगून टाकलं, “तार जवळ होती. खोली पाडली. चूक माही होती.”

गुंजनने लगेच विचारलं, “मंग त्या रोजी किल्ली हरपली काऊन म्हनलं?”

“खोटं बोललो.”

“आमी घर घेतल्यावर सांगाचं होतं काय?”

“नाई. तेच तं होऊन नाई राह्यलं मायाच्यानं.”

ती वर गेली. उरलेल्या तीन भिंतींच्या मध्ये बराच वेळ उभी राहिली आणि तारेकडे पाहत राहिली. खाली आल्यावर ताईने चहा ठेवते म्हटलं, तर “राहू द्या” म्हणाली. आमच्याकडे पसंत पडलेल्या घरातून कोणी चहा न घेता जात नाही. मोटारसायकल वळणावर दिसेनाशी झाली तरी भाऊजी फाटकाची कडी हातात धरून उभे होते.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत. पतसंस्थेत मी बेरजा दोनदोनदा करत होतो. कार्तिकला फोन करावा की नको, एवढंच डोक्यात. मी केलाही, एकदा. तो उचलला नाही. तळेगावच्या एका दलालाने निरोप पाठवला की मोडकं घर म्हणून आपण घेऊ, पण भाव ऐकून मी त्याला उत्तरच दिलं नाही. भाऊजींनी छत आणि उरलेल्या तिन्ही भिंतीही उतरवल्या, गच्ची झाडून सपाट केली. काम संपलं तेव्हा ते अजूनच बेचैन झाले. उन्हाची पहिली तिरीप अंगणात टोचायला लागली होती.

गुंजन आली ती एकटीच, स्कूटीवरून, सकाळी. मी आदल्या रात्री मुक्कामाला होतो. ती कोणाशी न बोलता घराभोवती एक चक्कर मारून आली.

“हा जिनाबी पाडा,” ती भाऊजींना म्हणाली. “वर चढाचा रस्ताच नको. माहे पोट्टे माकडं हायेत.”

“पाडतो.”

“आन खोलीचे पैसे कमी होतीन.”

“पण जिना पाडायचा खर्चही आमचाच, तेव्हा...” मी सुरुवात केली.

“होतीन कमी,” भाऊजी म्हणाले. ते तोवर कुदळ शोधायला पडवीत निघाले होते. “आज लागतो, परवापर्यंत साफ करून देतो.”

“दुसरं घर पाह्यलं आमी आष्टीले,” गुंजन ताईशेजारी बाजेवर बसत म्हणाली. “मी इचारलं, याच्यात खोट काय हाय? म्हने, काईच नाई. मले तिथं भेव वाटलं.”

ताई हसली. मग पडवीकडे मान वळवून तिने हाक मारली, “आवो, कुदळ ठेवा खाली. आज वर्ध्याची गाडी हाय मायी. जिना मंग मोडजा. आन धनू, हिच्यासाठी चहा ठेव, मले उठवत नाई.”

मी चहा ठेवला.