ऑक्सिजनमधला हायड्रोजन

"मॅडम, मीटर बिघडलाय तुमचा," म्हात्रे पुन्हा म्हणाले. त्यांचं मशीन बघायला येणारे पाहुणे पनवेल स्टेशनवरून निघाले होते.

आमच्या तळोज्याच्या लॅबमध्ये म्हात्र्यांचा इलेक्ट्रोलायझर टेस्टिंगला होता. विजेने पाण्यातला हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळा करणारं मशीन. मध्ये पातळ पडदा असतो, मेम्ब्रेन. थोडा हायड्रोजन त्यातून ऑक्सिजनच्या बाजूला जातोच. पण तिथे तो चार टक्क्यांच्या आसपास पोचला, की एक ठिणगी पुरते. माझा ॲनालायझर, म्हणजे म्हात्रे म्हणत होते तो मीटर, दोनच्या वर दाखवत होता.

म्हात्रे चिरनेरचे. नोकरी सोडून घरामागच्या शेडमध्ये त्यांनी हे मशीन उभं केलं होतं. ऑर्डर द्यायची की नाही, हे आजचे पाहुणे ठरवणार होते.

"लोड कमी करा ना. हलू चालू दे. धोका पण कमी."

मी वीजपुरवठा किंचित कमी केला. आकडा चढला.

"बघा! गॅस कमी बनतोय नि आकडा वाढतोय. मीटरच खराब हाय."

मीटर बरोबर आहे, पडदाच गळतोय, याची मला तिथेच खात्री पटली. पडद्यातून गळणारा हायड्रोजन जवळपास तेवढाच राहतो, ऑक्सिजन मात्र कमी बनतो. आमटी अर्धी केली आणि मीठ तेवढंच टाकलं, तर ती खारट होणारच. तरी माहीत असलेल्या मिश्रणाचा सिलिंडर लावून ॲनालायझर तपासला. बरोबर होता.

आमचे हेड मुकादम सर आले. "काय दिसलं?"

मी सांगितलं.

"बंद करा. नायट्रोजन सोडा." नायट्रोजनने आतले गॅस बाहेर ढकलले जातात.

"सर, पाहुणे गेटवर हायत!"

"त्यांच्यासाठीच बंद करतोय, म्हात्रे."

म्हात्रे स्वतःच गेटवर गेले. "मशीन आतून गळतंय," त्यांनी पाहुण्यांना सांगितलं. "मी खोलतो, तुमी पण बघा."

सगळ्यांसमोर खोललं. कडेला गॅस्केट, म्हणजे गळती रोखणारं रबर, जास्त आवळल्याने मेम्ब्रेनला बारीक चीर गेली होती.

ऑर्डर त्या दिवशी मिळाली नाही. म्हात्र्यांनी मेम्ब्रेन आणि गॅस्केट बदललं, पुन्हा टेस्टिंगला आले, कमी लोडवरही पास झाले. मग त्याच पाहुण्यांनी ऑर्डर दिली.

सरांनी मला "नक्की ना?" असं एकदाही विचारलं नाही. त्याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. आणि म्हात्र्यांचीही. इतके चिडले, पण आकडा बदला असं त्यांच्या तोंडून आलं नाही.

नव्या इंजिनिअरांना मी एवढंच सांगते: मशीन कमी लोडवर तपासा. फुल लोडवर सगळीच चांगली दिसतात.