समितीपुढे गजरा

चहाच्या सुट्टीत कुणी नुसतं "अरे, त्या दिवशी काय झालं..." म्हटलं, की आमच्याकडे चहा थंड झालाच म्हणून समजा. कॅन्सर संशोधन केंद्रात एवढं हसायला काय असतं, असं लोक विचारतात. या एकदा भोरला!

*

राज्य सरकारनं आम्हाला इमारत दिली, मशिनं दिली, वर गावोगाव तपासणीला जायला गाडीही दिली. गाडी आली त्या दिवशी मी चक्क रडलो. खोटं कशाला बोलू?

पहिल्यांदा ती उत्रोलीला नेली. बायकांनी नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं आणि चपला बाहेर काढूनच आत चढल्या. तेव्हापासून तोच नियम. पुढे गाडी मंजूर करणारे साहेबच पाहणीला आले, तर आमचे ड्रायव्हर सलीमभाई दारात आडवे!

"सायेब, गाडी तुमचीच हाय. पर बूट भाईर."

साहेबांनी मोज्यांवर सगळी गाडी पाहिली.

*

आंबवड्याच्या एका आजोबांकडे संशोधनासाठी रक्त मागितलं. त्यांनी लगेच हात पुढे केला.

"घ्या की. पास झालं तर गावात सांगा, नापास झालं तर मला एकट्यालाच सांगा!"

*

आता केंद्राला राष्ट्रीय मान्यता हवी होती. ती मिळाली तर नवे उपचार इथंच होतील, पेशंटची मुंबईपर्यंतची फरफट थांबेल. त्यासाठी मान्यता देणाऱ्या दिल्लीच्या समितीला बरे झालेले पेशंट भेटायला हवे होते. आणि आमचा पेशंट एकदा बरा झाला, की इकडे फिरकेल तर शपथ!

विंझरच्या हिराबाईंना बोलवायला केंद्राच्या प्रमुख, आमच्या डॉक्टर मॅडम, स्वतः गेल्या.

"बरी झाले की मी! आता दवाखान्यात येऊन परत पेशंट होऊ व्हय?" असं म्हणत हिराबाईंनी त्यांना तांदळाची भाकरी खाऊ घातली.

निघताना मॅडम एवढंच म्हणाल्या, "दिल्लीचे पाहुणे येतायत, हिराबाई. आमची लाज राखा."

*

समिती आली. हॉल बायकांनी भरलेला. काठापदराच्या साड्या, नथी, हातभर बांगड्या! पाहुणे येणार म्हटल्यावर नटूनच यायचं, ही आमच्याकडची रीत.

समितीचे प्रमुख मूळचे नागपूरचे. बराच वेळ बसून राहिले, मग घड्याळ पाहत म्हणाले, "हळदीकुंकू छान आहे मॅडम. पण पेशंट कधी येणार?"

मॅडमचा चेहरा उतरला.

तेवढ्यात हिराबाई उठल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर मागे सारला. औषधांनी गेलेले केस आता कुठे बोटभर उगवले होते, आणि त्यांत पिना खोचून अबोलीचा गजरा.

"बघा सायेब," त्या म्हणाल्या, "आता गजरा ऱ्हातोय."