एका खिडकीपुरती शाई

शाईमामांचं काम सांगायला सोपं आणि करायला कंटाळवाणं होतं. चित्रकथांच्या स्टुडिओत चित्रकार बाई पेन्सिलीने पान काढायच्या आणि जिथे गच्च काळं हवं तिथे बारीकशी फुली मारायच्या. मामांनी ब्रश घ्यायचा, फुली दिसेल ती जागा शाईने भरायची आणि वाळली की खोडरबर फिरवून पेन्सिल पुसायची. रात्र, सावल्या, जळकी घरं, सैनिकांचे बूट. दुसऱ्याने दाखवलेली जागा काळी करण्यात या माणसाचा उभा जन्म गेला.

त्यांची ताई स्टुडिओतच फोन करायची. तिचा आवाज असा, की शेजारच्या टेबलावर बाईंनाही शब्दन् शब्द ऐकू जायचा.

"दिवसभर कागदाला काळं फासतोस, आणि वर पगारही घेतोस? बरं आहे बाबा तुझं!"

बाई पेन्सिल थांबवून हसायच्या. मामा ओशाळायचे, पण फोन आला नाही तर त्यांना चुकल्यासारखं व्हायचं. ताई म्हणजे त्यांची आईच. आई गेल्यावर तिनेच शिलाई मशीन चालवून त्यांना वाढवलं होतं. आता ती पुलापलीकडच्या गावात एकटी राहायची, मशीन खिडकीशी लावून. युद्ध तिकडे सरकायला लागलं तेव्हा मामांनी परोपरीने सांगितलं, इकडे निघून ये म्हणून.

"आणि मशीन कोण उचलणार? तू? तुला शाईची बाटली उचलवत नाही!" असं म्हणून तिने फोन ठेवला होता.

गंमत बघा, बाहेर खरं युद्ध पेटलेलं आणि स्टुडिओतही युद्धाचीच चित्रकादंबरी चाललेली. दर महिन्याला तिचा एक भाग निघायचा. गोष्ट अशी, की परग्रहावरचे लोक येतात, लढणाऱ्या दोन्ही बाजूंना एकच शस्त्र फुकट वाटतात आणि मजा बघत बसतात. शस्त्राचं नाव विझवणी. तिला आवाज नाही, जाळ नाही. ती गावावर रोखली की दिवे जातात, चुली जातात आणि माणसंही जातात. गोष्टीतले सैनिक 'मेले' म्हणत नाहीत, 'विझले' म्हणतात. संपादक या कल्पनेवर बेहद्द खूश होते. मामा नव्हते, कारण विझलेलं प्रत्येक गाव शेवटी त्यांच्याच बोकांडी बसायचं.

एका दुपारी असंच एक गाव त्यांच्या पुढ्यात होतं. पानभर घरं, घराघराला खिडक्या आणि प्रत्येक खिडकीत फुली. खांदा भरून आला होता. अर्धंअधिक पान झालं असेल, तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"अहो, पूल उडवला म्हणे."

"आणि ताई?"

"तिचा फोन लागत नाहीये. तुम्ही बघा लावून."

मामांनी लावला, पुन्हा पुन्हा लावला. मग करण्यासारखं दुसरं काहीच सुचेना म्हणून ते पानावर परत बसले, दिसतील त्या खिडक्या भरल्या, खोडरबर फिरवला आणि घरी गेले.

त्या गडबडीत एक खिडकी राहिली. फुलीही पुसली गेल्यामुळे कोणाच्या ध्यानात आलं नाही आणि भाग तसाच छापून बाहेर पडला. सगळं गाव काळंठिक्कर आणि मधे एकच खिडकी पांढरी! वाचकांनी संपादकांचं डोकं खाल्लं. त्या खिडकीत कोण आहे? विझवणीतून वाचलं कसं? कोणी म्हणे शास्त्रज्ञ, कोणी म्हणे परग्रहावरचाच फितूर. संपादकांनी मामांना चांगलंच फैलावर घेतलं.

"चुकलो," मामा म्हणाले. भांडायला लागतो तेवढा जोरही त्यांच्यात उरला नव्हता.

पण खरं सांगायचं तर झाली चूक त्यांना आवडली होती. त्या खिडकीत शास्त्रज्ञबिस्त्रज्ञ कोणी नव्हतं. तिथे दातात दोरा धरून एक बाई बसली होती.

ताईचा काही पत्ता लागला नाही. तिकडून सुटून आलेल्या लोकांना बायको भेटून आली, पण कोणालाच काही ठाऊक नव्हतं. मामा रोज फोन लावायचे आणि रोज तीच रेकॉर्ड केलेली बाई तेच वाक्य ऐकवायची.

चित्रकादंबरीचे सगळे भाग संपले आणि पुस्तक काढायचं ठरलं. संपादक ते पान घेऊन आले. पांढऱ्या खिडकीत त्यांनी बाईंकडून नवी फुली मारून घेतली होती.

"मामा, पुस्तकात चूक नको. विझवणीतून कोणी वाचत नाही, यावर तर सगळी गोष्ट उभी आहे. भरून टाका एवढी. चुटकीसरशी होईल."

"हो," मामा म्हणाले. ते नेहमीच हो म्हणायचे.

त्यांनी ब्रश शाईत बुडवला आणि हात अडला. खिडकी काळी केल्याने ताई मरणार नव्हती आणि पांढरी ठेवल्याने जगणार नव्हती, एवढं त्यांना कळत होतं. ते काही खुळे नव्हते. पण वाट बघूनही माणूस थकतो. हल्ली फोन लावताना 'आता पुरे' असं त्यांच्या मनात यायला लागलं होतं आणि त्याचीच त्यांना भीती वाटत होती. ही खिडकी भरली की आपण ताईला सोडून दिलं, आणि तेही कोणी तरी फुली मारून दाखवली म्हणून.

ब्रशवरची शाई वाळली. मामांनी ब्रश धुतला, खोडरबर घेतला आणि फुली पुसून टाकली.

संपादकांनी पान उजेडात धरलं. "अहो, भरली कुठे?"

"नाही भरली."

"का?"

मामांना पुष्कळ बोलायचं होतं. "ताई राहते तिथे," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

संपादकांनी पान मामांच्या टेबलावर ठेवलं. मग खाकरून म्हणाले, "द्या तो ब्रश. मीच भरतो."

तेवढ्यात बाईंनी हात लांब करून पान आपल्या टेबलावर ओढून घेतलं. पेन्सिलीला टोक केलं, त्या खिडकीवर वाकल्या आणि वर न बघताच त्यांनी विचारलं,

"मामा, मशीन खिडकीच्या डाव्या अंगाला, की उजव्या?"

"डाव्या," मामा म्हणाले आणि पूल उडाल्यापासून पहिल्यांदाच रडले.