अर्ध्या गोलांची जोडी

रामदास तावडेला कुणी विचारलं, काय करता, तर तो "परळला सर्विस" एवढंच सांगायचा. त्याच्यापुढचं सांगितलं की माणसं हसतात, हा एकोणतीस वर्षांचा अनुभव. परळच्या एका संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर ॲनिमल हाऊस आहे आणि तिथल्या उंदरांची पैदास सांभाळणं हे त्याचं काम. बापाने गिरणीत साचे, म्हणजे माग, सांभाळले, मुलगा उंदीर सांभाळतो, यावर लालबागच्या त्याच्या चाळीत जेवढे विनोद व्हायचे तेवढे होऊन संपले. उंदीर मारायचं औषध कुठलं चांगलं, हे मात्र लोक अजून त्यालाच विचारतात. आणि तोही बिचारा विचार करून उत्तर देतो.

हे उंदीर साधे नव्हेत. त्यांना जन्मतःच प्रतिकारशक्ती नसते. कीर्ती मॅडमनी, म्हणजे ज्यांच्या संशोधनासाठी ते पाळले होते त्यांनी, रामदासला एकदा समजावून सांगितलं होतं. हाडांच्या आतल्या मगजात पांढऱ्या पेशी तयार होतात, त्यातल्या काही हळूहळू तयार होत रोगाशी लढणाऱ्या लिम्फोसाइट बनतात. या उंदरांमध्ये त्या अर्ध्या वाटेतच थांबतात. का थांबतात, ते मॅडम शोधत होत्या. रामदासला त्यातलं जेवढं कळायला हवं तेवढं कळलं: यांच्या खोलीत बाहेरचा एकही जंतू जाता कामा नये. आत शिरायचं तर आधी आंघोळ, मग निर्जंतुक केलेले कपडे, टोपी, मास्क, हातमोजे. भुसा, खाणं, पाणी, सगळं त्या खोलीएवढ्या प्रेशर कुकरमधून, ऑटोक्लेव्हमधून, वाफवून निघायचं. असं डोळ्यांत तेल घालून जपलेले उंदीर कसे दिसायचे, तर गुबगुबीत आणि चकचकीत. आजारी उंदीर म्हणून दाखवले तर कुणाचा विश्वास बसला नसता. रामदासने आजार असा कधी पाहिलाच नव्हता. दोन वर्षांपूर्वी एका पिंजऱ्याची हवेची गाळणी फाटली आणि आठवड्याभरात आतले सगळे मेले, तेव्हा त्याने कारणाच्या रकान्यात लिहिलं, "गाळणी".

प्रत्येक पिंजऱ्यावर कार्ड आणि कार्डावर गोल. कोरा गोल म्हणजे निरोगी. अर्धा काळा म्हणजे दोषाचा एकच वाटा आलेला, स्वतःला काहीही होत नाही. पूर्ण काळा म्हणजे आईकडून आणि बापाकडून दोन्ही वाटे आलेले, तो आजारी. मॅडमना आजारी आणि निरोगी भावंडं एकाच विणीतली हवी असत, म्हणून रामदास अर्धा गोल आणि अर्धा गोल अशी जोडी लावायचा. चार पिल्लांत साधारण एक काळं निघायचं. अशा किती जोड्या त्याने लावल्या, त्याची त्यालाच गणती नव्हती.

आणि एक जोडी त्याने घरी लावली.

बायको, सीमा, गेली तेव्हा दर्शना आठवीत होती. तिला खरं सांभाळलं ते रामदासच्या मोठ्या बहिणीने, मालनने. मालन नायगावच्या बीडीडी चाळीत राहायची. दर्शना शाळेतून थेट आत्याकडे जायची, तिथेच जेवायची, आतेभावाशी, विनीतशी, रिमोटवरून भांडायची. ती चोवीस वर्षांची झाली तेव्हा मालन साडी आणि नारळ घेऊन लालबागला आली. "भावाची पोर. पहिला मान माझा," म्हणाली. त्यांच्याकडे ही रीतच. आत्याने हक्काने मागावी आणि मामाने द्यावी. रामदासने चहा निवायच्या आत होकार दिला. पोर परक्या घरात जाणार नाही, याचंच त्याला इतकं सुख झालं की त्याला दुसरं काही सुचलंच नाही.

शर्वी झाली ती तीन किलोची, गोरीपान. बारसं धूमधडाक्यात झालं. तिसऱ्या महिन्यात तिच्या तोंडात पांढरा थर धरला, तो जाईना. मग खोकला. मग डाव्या काखेत गाठ आली, बीसीजीची लस टोचलेल्या बाजूलाच. औषधं झाली, डॉक्टर बदलले, पोर वाळत चालली. मालनने निदान केलं, "दर्शनाचं दूध लागत नाही हिला." दर्शना ऐकून घ्यायची. जिने वाढवलं तीच आता सासू होती, बोलणार काय?

रामदासने रजा मागितली तेव्हा कीर्ती मॅडमनी सहज विचारलं, काय झालं. त्याने सांगितलं. काखेतली गाठ ऐकल्यावर मॅडमनी ती लसीच्याच बाजूला आहे ना, ते विचारलं आणि स्वतः लहान मुलांच्या इस्पितळात फोन लावला. दोन दिवसांनी रक्ताचा रिपोर्ट आला. लिम्फोसाइट जवळजवळ नाहीत.

"मॅडम," रामदास म्हणाला, "हे तर आपल्या खोलीतलं झालं."

मॅडमनी हो म्हटलं. त्याच्या डोक्यात मात्र काही बसेना. त्या खोलीतले उंदीर तर तुकतुकीत होते. ही पोर मुठीएवढी झाली होती, श्वास घेताना तिच्या बरगड्या मोजता येत होत्या. दोन्ही एकच कसं असेल? आणि एक असेल तर एवढी वर्षं आपण त्या खोलीत नेमकं काय बघत होतो?

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी शर्वीला काचेच्या खोलीत ठेवलं आणि आईबापाला समोर बसवलं. रामदास मागे उभा.

"नात्यातलं लग्न आहे का?"

"हो," विनीत म्हणाला. "मामाचीच मुलगी."

बाईंनी कागद ओढला. विनीतचा चौकोन, दर्शनाचा गोल, दोघांमध्ये नात्यातल्या लग्नाची दुहेरी रेघ. वर मालन, रामदास, त्यांच्याही वर त्यांचे आईवडील. मग त्यांनी दर्शनाचा गोल अर्धा काळा केला, विनीतचा चौकोन अर्धा काळा केला, आणि खाली एक छोटा गोल काढून तो पूर्ण भरायला घेतला.

"चारात एक," रामदास मागून बोलला.

बाईंनी वर पाहिलं. "तुम्ही कुठे असता?"

"उंदीर बघतो."

बाई हसल्या नाहीत. रामदास भिंतीला टेकला. कार्ड आपण वाचलं होतं की नव्हतं? माणसांना कार्ड नसतं, हे खरं. पण जोडी आपणच लावली, हेही खरं. उंदरांच्या वेळी चूक कुणाची, हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता.

उपाय होता. जुळणाऱ्या माणसाच्या हाडांतला मगज द्यायचा, म्हणजे त्यातून नव्या पेशी उगवतात. जितकं लवकर तितकं बरं. त्यासाठी दोन्हीकडच्या जवळच्या नातेवाइकांची रक्ततपासणी हवी होती. शिवाय आईच्या एका तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत बाळाला तिचं दूध नको, असंही बाईंनी सांगितलं. दुधातून एखादा विषाणू जात नाही ना, एवढंच बघायचं होतं.

मालनने त्यातलं नेमकं तेवढंच उचललं. "बघ, डॉक्टरीण पण तेच बोलते. दूधच वाईट." मग तिने रक्त द्यायला साफ नकार दिला. तिच्या घरात असलं काही नव्हतं, तर तपासायचं काय? सुया टोचून पोर अर्धी केली मेल्यांनी. शनिवारी शर्वीला घेऊन देवगडला जायचं, गावदेवाला गाऱ्हाणं घालायचं, हे तिने ठरवूनही टाकलं. विनीत आईपुढे मान खाली घालून बसला. बाहेरच्या हवेत ती पोर किती टिकेल, हे रामदासइतकं त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. फाटलेल्या गाळणीचा पिंजरा त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. तरी दोन दिवस तो मूग गिळून बसला. बहिणीला सांगायचं काय? तू मागितलीस म्हणून झालं? की मी दिली म्हणून?

शुक्रवारी सकाळी तो नायगावला गेला. चाळ पुनर्विकासात गेल्यापासून मालन जवळच भाड्याच्या खोलीत होती. ती भाकऱ्या थापत होती. रामदास तिच्यासमोर बसला. परातीत तांदळाचं पीठ पसरलेलं होतं, त्यात त्याने बोटाने दोन गोल काढले.

"ही तू. हा मी."

"पीठ कशाला नासतोस रे?"

"ऐक आक्का. दूध नाय वाईट. ते रक्तातलं आहे आणि ते आपल्याकडून आलंय. तुझ्याकडून विनीतला, माझ्याकडून दर्शनाला. आपल्याला काय होत नाय, कारण अर्धंच आहे. दोन अर्धे एकत्र आले की पोरावर जातं." त्याने गोलांच्या वर आणखी दोन गोल काढले. "आई आणि बाबा. ते पण मामे-आते भावंडंच होते ना?"

मालनचा हात पिठातच थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली, ती रामदासने उचलून ठेवली.

"तू नव्हतास तेव्हा," ती म्हणाली. "आईची दोन पोरं गेली. बाळू सहा महिन्यांचा. दुसरीचं तर नाव पण ठेवलं नव्हतं. बाळूचं तोंड असंच आलं होतं, पांढरं." तिने पिठातल्या गोलांकडे पाहिलं. "म्हणजे मी साडी घेऊन आले तेव्हा हे घेऊन आले?"

"मला काय माहीत आक्का," रामदास म्हणाला आणि त्याला रडू फुटलं. "तू आणलंस, मी दिलं. मी तर रोज तेच काम करतो. मला कळायला हवं होतं."

त्याच दुपारी मालनने रक्त दिलं. देवगडचं नाव तिने परत काढलं नाही.

तीन आठवड्यांनी जुळणीचा निकाल आला. दर्शना अर्धी जुळत होती, विनीत अर्धा. मालनही अर्धीच. रामदास पूर्ण जुळत होता. आजोबा पूर्ण जुळणं फार दुर्मीळ, डॉक्टरीणबाई म्हणाल्या; पण नात्यातल्या लग्नात असं होऊ शकतं. त्याच्या जुळणीच्या दोन वाट्यांपैकी एक शर्वीला दर्शनाकडून आला होता. दुसरा, मालनकडेही होता तो, विनीतकडून. फिरून ते सगळं शर्वीत एकत्र झालं होतं. तो दोषाचा अर्धा धनी होता तरी हरकत नव्हती, अशांच्या हाडांतला मगज चालतो.

रामदासने मान डोलावली. हसावं की तोंड लपवावं, हे त्याला कळेना. ज्या लग्नाने पोरीला मरणाच्या दारात नेलं, त्याच लग्नामुळे तिला द्यायला आपल्याजवळ काही होतं. मग ते लग्न बरं होतं की वाईट? मॅडमना विचारावं म्हटलं, तर त्या पेशींचं सांगतील. डॉक्टरीणबाई टक्केवारी सांगतील. त्याला हवं होतं ते उत्तर कुठल्याच रकान्यात बसणारं नव्हतं. समोर कागद आला तेव्हा त्याने सही केली, कारण तेवढंच स्पष्ट होतं.

दर्शनाचाही रिपोर्ट आला होता. दूध चांगलं होतं, पाजायला हरकत नव्हती. ती काचेच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसली होती आणि तिला ते खरं वाटत नव्हतं. मालन येऊन तिच्याजवळ टेकली.

"आमच्या आजीने आईचं दूध तोडलं होतं," मालन म्हणाली. "बाळूला शेळीचं पाजायचे. मी नऊ वर्षांची. वरच्या वाडीतून तांब्या भरून मीच आणायची. आई माझ्याकडे बघायची पण नाय." तिने पदराने तोंड पुसलं. "मरेस्तोवर तिला वाटत होतं, तिनेच मारली पोरं."

रामदास बाकाच्या टोकाला उभा राहून ऐकत होता.

"जा गो," मालन दर्शनाला म्हणाली. "हात धुऊन आत जा आणि पाज तिला."