बोटीचे मानकरी

कुळगावात आगऱ्यांच्या घरचं लग्न ठमाबाईशिवाय लागत नाही. भटजी येतो, आपला भाग उरकतो आणि जातो. पण धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाऊन देवांना नावानिशी आवतण द्यायचं, हळदीपासून पाठवणीपर्यंत कुणी कधी काय करायचं ते सांगायचं, त्याला धवलारीणच लागते. गळा तिचा गोड आहेच. पण लोक तिला शोधत येतात ते रुसव्यांसाठी. मामाला आधी विचारलं नाही, करवलीला पाट मिळाला नाही, की मांडव अडला म्हणून समजा. मग ठमाबाई उठते, रुसलेल्याच्या शेजारी जाऊन बसते, पान देते, गोड बोलते, आणि माणूस हसत मांडवात येतो. आजवर एकही रुसवा तिच्या हातून सुटायचा राहिला नव्हता.

आणि त्याच सवयीनं तिनं पोटच्या पोराला गोत्यात घातलं.

दिपेश तिचा धाकटा, मालवाहू बोटीवर खलाशी. आखातातल्या एका बंदराबाहेर बोट नांगर टाकून उभी होती आणि मालकानं फोन उचलणंच सोडलं होतं. पगार बंद. डिझेल संपत आलेलं, टाकीतलं पाणी गंजाळ, जेवायला भात आणि मीठ. बाकीच्या खलाशांनी सगळ्यांच्या सहीनं तक्रार करायचं ठरवलं, तेव्हा दिपेशनं आईला विचारलं.

"सही नको करूस रं बाला," ठमाबाई म्हणाली. "मालक रुसलाय. चारचौघांत त्याचं नाक कापलं तर अजून दूर जाईल. तू गोड बोलून बघ. त्याचा मान ठेव."

दिपेश आईच्या शब्दाबाहेर नव्हता. त्यानं सही केली नाही, दुसऱ्या दोघांनाही थांबवलं. गोडगोड मेसेज पाठवत राहिला. तिकडून उत्तर नाही. पुढे व्हिडिओ कॉलवर त्याच्या गालांची हाडं दिसायला लागली, तेव्हा मात्र ठमाबाईचा धीर सुटला.

वरच्या मजल्यावर महेंद्र राहतो, अंबरनाथ एमआयडीसीत शिफ्टवर जाणारा. त्याची मुलगी भावना मुंबईत खलाशांच्या युनियनच्या ऑफिसात कामाला आहे. ठमाबाई जिना चढून तिच्यासमोर जाऊन बसली.

"मावशी, तो रुसलेला नाही," सगळं ऐकून भावना म्हणाली. "तो पळालाय. रुसलेला माणूस कोपऱ्यात तरी बसलेला असतो. हा बोट सोडून गेलाय."

"मंग पोलीस पाठव."

"कुठले? बोट उभी एका देशात, मालक तिसऱ्याच देशातला, बोटीची नोंद आणि झेंडा भलत्याच एका बेटाचा, खलाशी चार देशांचे. यासाठीच देशोदेशींचा करार आहे. जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आहे ना, तिथे सरकारं, मालक आणि कामगार, तिघांची माणसं एकत्र बसून तो केलाय. दोन महिने पगार नाही, किंवा अन्नपाणी नाही, की मालकानं खलाशांना वाऱ्यावर सोडलं असं धरायचं."

"मंग जिनिव्याचं पोलीस?"

"त्यांच्याकडे पोलीस नाहीत."

"पोलीस नाय, मंग कायदा कसला गो? नुसताच धवला गायल्यासारखा!"

भावना हसली. "तसंच समजा. झेंड्याच्या देशाचं काम झेंड्याच्या देशानं करायचं, बंदराचं बंदरानं, आपलं आपल्या सरकारनं. आणि बोट चालवायची तर मालकाला आधीच विमेवाला जामीन द्यावा लागतो, मालक पळाला तर अन्नपाणी आणि घरी जायचं तिकीट देणारा. त्याचं सर्टिफिकेट बोटीवर भिंतीला लावलेलं असतं, खाली नंबर. ज्याला त्याला वेळेवर सांगायचं. हुकूम कुणीच कुणाला देत नाही."

ठमाबाईनं बोटांवर एकेकाला मोजलं. मग म्हणाली, "म्हंजे सगलं मानकरीच. एकाला आवतण नाय गेलं की मांडव अडला."

"अडलाच. आणि आवतण खलाशांकडून जायला पाहिजे. तुमचा दिपेश दोघांना घेऊन बाजूला बसलाय."

ठमाबाईनं तिथूनच फोन लावला. "दिपेश, आयशीचं चुकलं. सही कर. त्या दोघांनाबी सांग."

मग खरी तंगडतोड सुरू झाली. बेटाच्या देशानं पत्राला उत्तर दिलं नाही. बंदरवाले म्हणाले, बोट आमची नाही. भावना चिडायची, ठमाबाई तिला सांगायची, "परत विचार. पयल्या बोलावन्याला मामा कवा येतो का?" भावना परत विचारायची. सोडून दिलेल्या बोटींची सगळ्या जगाला दिसणारी नोंद असते, तिच्यात बोटीचं नाव गेलं. आपल्या सरकारच्या जहाज खात्यानं त्या बेटाच्या देशाला लिहिलं. विमेवाला जागा झाला. आधी एक होडी पाणी, पीठ आणि डिझेल घेऊन बोटीला लागली, आणि त्यानंतर तिकिटांची गोष्ट निघाली.

तिथे पुन्हा अडलं. नांगरावरची बोट रिकामी सोडता येत नाही, बंदर म्हणालं. बदली माणसं येईपर्यंत काहींनी थांबावं. थांबणाऱ्यांत दिपेशचं नाव होतं. तेव्हा रॉडेल नावाचा बोटीवरचा फिलिपिनो मुकादम पुढे झाला. "याच्या जागी मी थांबतो," म्हणाला. "माझी तब्येत अजून टिकून आहे. हा पोरगा वाळलाय." याच पोराच्या सहीसाठी त्यालाही ताटकळावं लागलं होतं, त्याबद्दल तो अवाक्षर बोलला नाही.

दिपेश घरी आला. ठमाबाईनं मीठमिरची ओवाळली, तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलं. तो जेवत असताना तिनं भावनाला विचारलं, "साडीचोली कोनाला देऊ? नारल कोनाच्या हातात ठेवू?"

"कुणा एकाचं काम नाही हे, मावशी. ज्यांनी करार केला त्यांची नावं मलाही ठाऊक नाहीत."

"नावं नसू दे. त्यांचं भलं हो," ठमाबाईनं हात जोडले. "पन त्या मुकादमाला मी ओलखते. तो घरी जाईस्तवर माजा घास गोड नाय लागायचा."

भावनाचे बंदराला, विमेवाल्याला फोनवर फोन सुरू झाले. ती कंटाळली, तर ठमाबाई चहा घेऊन वर जायची आणि समोर बसून राहायची. अखेर बदली माणसं पोचली, आणि रॉडेल सुटला.

त्याच्या घरून व्हिडिओ कॉल आला तेव्हा पडद्यावर त्याच्याशेजारी एक म्हातारी होती, पांढऱ्या केसांची, दात पडलेली. रॉडेलची आई. दिपेश इंग्रजीतून सांगायला पुढे सरकला, पण ठमाबाईनं त्याला हातानं मागे केलं. तिनं दिपेशचा गाल धरून फोनसमोर आणला, आता भरलेला. तिकडच्या म्हातारीनं आपल्या लेकाची हनुवटी पकडली आणि तीही पुढे आणून दाखवली. मग दोघी बराच वेळ एकमेकींकडे बघून हसत राहिल्या.