दहापैकी सात

आमच्या ऑफिसात खऱ्या गोळीचा आवाज कधी आला नाही. फौजेच्या मुख्यालयातले साहेबलोक वर्षातून एकदा सरावासाठी तीन दिवस हॉलमध्ये नकाशे पसरून बसतात आणि आम्ही त्यांना पाकिटं पाठवतो. सव्वादहाचं पाकीट फोडलं की पूल पडलेला असतो, साडेअकराचं फोडलं की दोन ट्रक बेपत्ता. अशी खोटी संकटं टाइप करण्यात माझी एकवीस वर्षं गेली. हसायचं तर हसा, पगार खरा मिळतो.

शेवटच्या दिवशी प्रत्येक अधिकाऱ्याला एक फोन करावा लागतो. तुमचा मुलगा गेला, असं एका बापाला सांगायचं. तो बाप म्हणजे आमचे हेडक्लार्क. शेजारच्या खोलीत गुणांचा कागद पुढ्यात घेऊन बसायचे. त्यावरून सगळे त्यांना बाबाच म्हणायला लागले, त्यांच्याहून जेमतेम तीन वर्षांनी लहान असलेली मीसुद्धा.

बाबा भारी कडक. मुलाचं नाव घेऊन सांगायचं, नाहीतर बापाला ते दुसऱ्या कुणाचं तरी वाटतं, हा त्यांचा एक नियम. माहीत नाही ते बोलायचं नाही, हा दुसरा. तो तपासायला त्यांचा ठरलेला प्रश्न होता, जेवला होता का तो? भलेभले तिथे घसरायचे. बापाला बरं वाटावं म्हणून ‘हो, पोटभर’ म्हणायचे, आणि बाबा दोन गुण कापून मोकळे.

गेल्या वर्षी सरावाच्या आधीच्या आठवड्यात ते झालं. त्या दिवसांत अधिकारी उजळणीसाठी केव्हाही फोन करतात. बाबांचा मुलगा फौजेतच होता, लांब डोंगरातल्या चौकीवर. तिथून माणूस पोचायला दोन दिवस लागतात, म्हणून आधी फोनवरच कळवतात. घरचा नंबर म्हणून मुलानं ऑफिसचाच दिला होता, कारण बाबा दिवसभर इथेच सापडायचे.

फोन वाजला तेव्हा मी समोरच पाकिटं चिकटवत होते. आमच्या त्या फोनवर पलीकडचं सगळं ऐकू येतं. तुमचा मुलगा दरडीखाली सापडला, वाचला नाही, असं कुणीतरी अडखळत सांगितलं. बाबांनी कागद ओढला आणि नाव न घेतल्याचा एक गुण कापला. मग नेहमीच्या आवाजात विचारलं, जेवला होता का तो? तो म्हणाला, हो, मी शेजारीच होतो, आम्ही दोघं... बाबांनी त्याला तिथेच तोडलं.

“साहेब, माहीत नसलेलं सांगायचं नाही. दोन गुण गेले. आता नाव घेऊन परत सांगा.”

मग त्यानं नाव घेतलं, बाबांच्याच मुलाचं.

बाबांनी कागदावर सात लिहिलं, खाली रेघ मारली आणि फोन ठेवला. रडले नाहीत. मीही पाकिटं चिकटवायची थांबले नाही. त्याची मला अजून लाज वाटते.

पंधराव्या दिवशी ते कामावर आले. विचारलं तेवढ्याला उत्तर द्यायचे, डबा उघडायचे आणि तसाच बंद करायचे. घरी त्यांची बायको, आमच्या वहिनी, रोज एकच विचारायच्या, तो साहेब आणखी काय म्हणाला? सांगायला बाबांकडे काहीच नव्हतं. जेवला होता, एवढंच. काय जेवला, शेवटचं काय बोलला, ते ऐकायच्या आतच त्यांनी त्या माणसाला गप्प केलं होतं. मी चिडून म्हटलं, अहो, उचला की फोन आणि विचारा. ते म्हणाले, कुठल्या तोंडानं? मी त्याला खोटं पाडलंय.

यंदा मोठ्या साहेबांनी तो फोन सरावातून काढूया का म्हणून विचारलं. बाबा म्हणाले, राहू द्या, त्यांना हे सांगता यायला हवं. मग अधिकाऱ्यांची यादी आली. चौकीवरून फोन करणारा तो अधिकारी बदलून मुख्यालयात आला होता. बाबांनी नाव वाचलं, यादी टेबलावर पालथी ठेवली आणि तीन दिवस तिला हात लावला नाही.

सरावाच्या तिसऱ्या दिवशी त्याची पाळी आली. फोनवर त्यानं पाकिटातल्या खोट्या मुलाचं नाव आधी घेतलं, अगदी नियमानुसार. आता ठरलेला प्रश्न यायला हवा होता. बाबांनी पुढ्यातला गुणांचा कागद बाजूला सारला.

“साहेब,” ते म्हणाले, “जरा इकडे या.”

तो आला आणि दारातच उभा राहिला. कोवळा होता, माझ्या भाच्याएवढा. बाबांनी खणातून गेल्या वर्षीचा कागद काढला, सात खोडून नऊ लिहिलं आणि त्याच्यापुढे सरकवला.

“हे दोन तुमचे. तुम्हाला माहीत होतं. काय जेवला होता तो?”

“भात,” तो म्हणाला. “गार झाला होता. त्यानं परत गरम केला आणि आधी मला वाढला. म्हणाला, घरी आई गार जेवू देत नाही.”

बाबांनी कागद उलटा केला आणि पाठीमागे ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. अधिकाऱ्याला खुर्ची दाखवली. मग घरचा नंबर फिरवला. वहिनींनी फोन उचलल्यावर त्यांनी आधी मुलाचं नाव घेतलं.