हरकत असल्यास कळवावे

विषय: श्री. प्रकाश गुरव, वेल्डर, मुक्काम मीना अब्दुल्ला बंदर, आणि कु. चंद्रिका, शिवणकाम, मुक्काम फहाहील, यांच्या विवाहाची कुवेतमध्ये दिलेली नोटीस भारतात लावण्याबाबत.

संदर्भ: गुरवचा करार उन्हाळ्याआधी संपतो. तोवर लग्न लागलं नाही, तर तो कोकणात जाणार आणि ती श्रीलंकेला.

मी रिटायर झालो, तरी असले विषय माझ्याकडेच येतात. कुवेतमधल्या कंपनीच्या पर्सोनेल सेक्शनमध्ये उभा जन्म काढला की किस्से आपोआप साठतात. टेबलावर धूळही साठायची, पण ती पुसायला माणूस होता. आता व्हिजिट व्हिसावर मुलीकडे सबाह अल-सालेमला आलोय. शुक्रवारी फहाहीलला जुनी मंडळी चहाला जमली, की तेच ते किस्से नव्यानं सांगतो आणि हसून ऐकतो. नातू म्हणतो, "आजोबा, यू टोल्ड धिस वन!" सांगितला असेन. चांगला होता म्हणून तर!

*

आमचे देशपांडे इंजिनिअर पुण्याचे. लग्नात त्यांनी रीतसर बायकोचं नाव बदललं. मंगलची मृणाल झाली. पासपोर्टवर मंगलच राहिली, लग्नाच्या दाखल्यावर मृणाल. फॅमिली व्हिसा अडला. खिडकीवरच्या बाबूनं विचारलं, "साहब, शादियाँ कितनी?"

"एकच हो! नाव मी बदललं."

"क्यों?"

वहिनी पुण्याहून फोनवर ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "नवऱ्याचं नाव बदलायची पद्धत असती, तर मीही हौस भागवून घेतली असती!"

*

एका सुताराकडे दाखलाच नव्हता, लग्नाची व्हिडिओ कॅसेट होती. ती आमच्या मंदूबनं, म्हणजे सरकारी कचेऱ्यांत कंपनीचे कागद फिरवणाऱ्या अबू सालेमनं, ऑफिसात लावून बघितली. मंगलाष्टकं संपेनात. अंतरपाट हलेना.

"ह्यानं तिला अजून पाहिलेलं नाही?"

मी म्हटलं, "पाहिलंय. पण आत्ता पाहिलेलं नाही, असं धरायचं."

अबू सालेमनं घड्याळ बघितलं. "यल्ला, पडदा काढा! दुपारी शिक्क्याची खिडकी बंद होते!"

*

गुरवचं प्रकरण शिंप्याच्या दुकानात सुरू झालं. चंद्रिका तिथे मशीनवर बसते. हा कामाचा अंगभर कव्हरऑल बाजूंनी घट्ट करून घ्यायला गेला, मग पुन्हा गेला, मग जातच राहिला. शेवटी कव्हरऑल इतका घट्ट झाला, की गड्याला वेल्डिंगला वाकता येईना. फोरमन ओरडला, "अरे, लग्न तरी कर, नाहीतर नवीन कव्हरऑल तरी घे!"

गुरवनं दोन्ही केलं. म्हणजे कव्हरऑल घेतला, आणि लग्नाची नोटीस दिली.

*

आता नोटिशीचं. दोघं परदेशात, तर नोटीस इथे वकिलातीतही लावायची आणि तिकडे गावाकडेही, म्हणजे कोणाची हरकत असेल तर कळेल. पद्धत साहेबाच्या काळापासूनची. साहेब वसाहतीत, मडम विलायतेत, आणि नोटीस दोन्हीकडच्या भिंतींवर. साहेब गेला, भिंती राहिल्या.

इथल्या भिंतीकडे कोणी ढुंकून बघितलं नाही. तिकडची प्रत गुरवच्या तालुक्याच्या कचेरीत लागली, आणि अख्खी वाडी टेम्पो करून वाचायला गेली. खाली छापलं होतं, 'हरकत असल्यास लेखी कळवावे.' कोकणातला माणूस, कोणी एवढ्या अगत्यानं कळवा म्हटल्यावर न कळवता राहील?

चुलत्यानं लिहिलं, "हरकत नाही. जेवणात मासे असावेत." शाळेच्या गुरुजींनी आशीर्वाद लिहून खाली सही केली. भजनी मंडळानं लेटरहेडवर अभिनंदन कळवलं. कारकुनानं सगळ्यांना आवक क्रमांक देऊन गठ्ठा 'हरकती' या शीर्षकाखाली कुवेतला पाठवला. मीही तेच केलं असतं.

गठ्ठ्यात एक हरकत मात्र खरी निघाली. गुरवच्या आईची. 'सून मला न दाखवता लग्न होऊ नये.' खाली अंगठा.

गुरवनं आमच्यासमोर, चहा तसाच ठेवून, फोन लावला. चंद्रिका शेजारी डोक्यावर पदर घेऊन बसली होती.

"आये, अगो फोनार बघलंस मगे तिका!"

"फोनार माणूस दिसता. सून दिसणा नाय."

"मग घेवन येव तिका?"

"लग्नाआधी? लोक काय म्हणतीत!"

गुरव माझ्याकडे बघू लागला. "अण्णा, आता काय करूचा?"

चंद्रिकानं त्याच्या हातातून फोन घेतला आणि पाठ करून ठेवलेलं एकुलतं एक मराठी वाक्य म्हटलं, "आई, जेवलात?"

मग म्हातारी म्हणाली, "जेवलंय. तू जेवलंस?"

हरकत मागे घ्यायची तर तालुक्याला जाऊन पुन्हा अंगठा द्यावा लागतो. आई म्हणते, येत्या सोमवारी जाईन. चुलत्याला माशांबद्दलच्या चौकशीसाठी बोलावलं आहे. मूळ अर्ज प्रलंबित आहे.